राहून गेलेले काम

कोविडच्या टाळेबंदीत जगभर गिटारींचा खप वाढला. फेंडर या अमेरिकी कंपनीसाठी २०२० हे तोवरचे सर्वाधिक विक्रीचे वर्ष ठरले. आपल्याकडेही त्या दिवसांत अनेक घरांत पहिली इलेक्ट्रिक गिटार आली: दहा हजारांच्या आतबाहेरची, सोबत छोटा ॲम्प्लिफायर, पट्टा आणि पिशवी. त्यांतल्या कितीतरी आज कपाटावर पडून आहेत किंवा ‘फारशी वापरलेली नाही’ अशा जाहिरातीसह निम्म्या किमतीत विकायला निघाल्या आहेत. फेंडरचेच तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी सांगितले होते, की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. या गळतीचे कारण विचारले की ठरलेली उत्तरे मिळतात. चिकाटी नाही, हातात मोबाइल आला, मुळात अंगात सूरच नाही.

या उत्तरांना माझा आक्षेप आहे. शिकणाऱ्यावर ठपका ठेवण्याआधी त्याच्या हातातले वाद्य तपासायला हवे. स्वस्त गिटार बहुधा अर्धवट अवस्थेत विकली जाते. तिच्यातले शेवटचे आणि सर्वांत नाजूक काम राहून गेलेले असते. ते नंतर करता येते, घरच्या टेबलावर, मोजक्या हत्यारांनी. त्यामुळे जुनी स्वस्त गिटार घेऊन ती स्वतः दुरुस्त करणे हा मला निव्वळ काटकसरीचा मार्ग वाटत नाही. तो संगीतशिक्षणाचा भाग आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक गिटार क्लासांत त्याला जागाच नाही.

महाग गिटार महाग का असते, हे आधी पाहू. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तार चुंबकासमोर थरथरते. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार हलली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. चुंबक आणि वेढे मिळून जे बनते ते पिकअप. साध्या, पोकळ गिटारमध्ये आवाज मोठा करण्याचे काम लाकडाच्या पेटीकडे असते, म्हणून तिथे लाकडाची जात, जाडी, आतल्या पट्ट्या यांवर सगळे अवलंबून राहते. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडावर ती जबाबदारी नाही. लाकडाने आवाजात किती फरक पडतो यावर वादक आजही तावातावाने भांडतात. पण पिकअप, ॲम्प्लिफायर आणि वाजवणाऱ्याची बोटे यांच्या तुलनेत तो फरक फार मागे राहतो, हे नाकारणे कठीण आहे. १९५० च्या दशकात नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने लाकडी चौकटीवर हार्डबोर्डची पाने चिकटवून गिटारी केल्या, पिकअप लिपस्टिकच्या नळ्यांत बसवले आणि त्या गिटारी सीअर्सच्या कॅटलॉगमधून सामान्य घरांत पोचल्या. पुढे जिमी पेजसारखा वादक तसलीच गिटार घेऊन मोठ्या मंचावर उभा राहिला.

या वाद्याचा साचा ज्याने घालून दिला तो लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. १९३८ पासून कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. बिघडलेली वस्तू उघडायची, खराब भाग काढायचा, नवा बसवायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, हे त्याचे रोजचे काम. १९५० मध्ये त्याने बाजारात आणलेली आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखली गेलेली गिटार त्याच सवयीतून घडली. तोवर गिटारची नेक, म्हणजे मान, बहुधा व्हायोलिनसारखी सरसाने चिकटवलेली असे. फेंडरने ती चार स्क्रूंनी बसवली. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले, नेक वाकली, तर स्क्रू काढा आणि दुसरी लावा. पिकअप आणि वायरिंग स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतील असे ठेवले. आज कुठल्याही देशातल्या कारखान्यातून निघणारी स्वस्तातली गिटार बहुतेक वेळा याच साच्याची, किंवा १९५४ च्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरची नक्कल असते. म्हणजे दुरुस्त होण्याची सोय तिच्या रचनेतच आहे. बॅटरी चिकटवून बंद केलेले फोन वापरणाऱ्या आपल्या पिढीला अशी वस्तू दुर्मीळ वाटायला हवी. ‘दुरुस्तीचा हक्क’ मिळावा म्हणून आज जगभर कायदे मागितले जातात; या वाद्यात तो हक्क सत्तर वर्षांपूर्वीच चार स्क्रूंच्या रूपाने दिलेला आहे.

मग जास्तीचे पैसे कशाचे? काही नावाचे, काही रंगाचे आणि लाकडाच्या देखण्या रेषांचे, काही चांगल्या धातूच्या सुट्या भागांचे. पण वाजवणाऱ्याला ज्याचा खरा फरक पडतो तो भाग म्हणजे शेवटी माणसाच्या हाताने दिलेला वेळ. लाकूड कापणे, भोके पाडणे, रंग फवारणे ही कामे आता संगणकावर चालणारी यंत्रे करतात, आणि स्वस्त गिटारसाठीही ती नेटकी करतात. फ्रेटचे माथे एका पातळीत आणणे, त्यांच्या कडा गोल करणे, नटच्या खाचा तारेगणिक योग्य खोलीपर्यंत कोरणे, या कामांना अजूनही सवयीचा हात आणि वेळ लागतो. किंमत उतरवायची झाली की पहिली काटछाट इथे होते, कारण दुकानात टांगलेल्या गिटारकडे पाहून ती कुणाला कळत नाही.

कळते ती बोटांना. नट म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे बसवलेली, सहा खाचांची छोटी पट्टी. स्वस्त गिटारमध्ये ती प्लास्टिकची असते आणि खाचा उथळ सोडलेल्या असतात. त्यामुळे तारा पहिल्या फ्रेटवर गरजेपेक्षा उंच राहतात. नवशिक्या विद्यार्थी मोबाइलवरच्या ट्यूनरने मोकळ्या तारा अचूक लावतो आणि पहिल्या फ्रेटवरची एफ कॉर्ड धरतो. तार उंच असल्याने ती जास्त दाबावी लागते, दाबली की ताणली जाते, आणि ताणली की स्वर चढतो. बोटे दुखतात आणि वर कॉर्ड बेसूर लागते. ट्यूनर तर सांगतोय की गिटार सुरात आहे. मग चूक कुणाची? मुलगा ती स्वतःच्या कानाची आणि बोटांची समजतो. त्याला सांगायला हवे होते, की तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर डोळा लाव. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात कागदाच्या जाडीएवढी फट असेल तर ठीक. आगपेटीची काडी सरकत असेल, तर दोष वाद्याचा आहे. खाच बारीक कानशीने थोडी थोडी खोल करत जायची आणि दर खेपेला तार बसवून बघायचे. नाहीतर हाडाचा नवा नट बसवायचा. काम दुपारभराचे आहे, पण त्यावर वर्षाची शिकवणी वाचते किंवा वाया जाते.

फ्रेटचे काम याहून जपून करायचे. अलीकडे मी अशी एक गिटार सरळ केली. स्ट्रॅटोकास्टरची नक्कल, नावाचा स्टिकर गेलेला, खुंट्यांवर पावसाळ्याचा गंज. पहिल्यांदा तारा चढवून नेक पाहायची. सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४५ किलो भरतो. त्याने नेक पुढे झुकते, आणि तिला मागे खेचायला आत ट्रस रॉड ही पोलादी सळई असते. ॲलन कीने ती एका वेळी पाव आटाच फिरवायची आणि लाकडाला सावरायला वेळ द्यायचा. मग तारा काढायच्या, नेक अगदी सरळ करायची, फिंगरबोर्डच्या लाकडावर चिकटपट्टी लावायची आणि प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करने रेघ ओढायची. एका सपाट पट्टीला पॉलिश पेपर चिकटवून ती सगळ्या फ्रेटवरून हलक्या हाताने फिरवायची. पहिल्याच फेरीत नेकची हकीकत दिसते. काही फ्रेटवरची शाई पुसली जाते, ते उंच. काहींवरची तशीच राहते, ते खोल. माझ्या गिटारला सातव्या आणि तेराव्या फ्रेटची शाई लगेच उडाली, आणि नेमक्या त्यांच्या अलीकडच्या फ्रेटवर तार झणझणत होती. सगळ्या फ्रेटवरची शाई सारखी पुसली जाईपर्यंत घासायचे. मग सपाट झालेले माथे खास कानशीने पुन्हा गोल करायचे आणि शेवटी बारीक पेपरने आरशासारखे चकाकवायचे. नागपूरच्या मे महिन्यात फिंगरबोर्ड सुकून आकसतो आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन तळहाताला टोचतात. ती टोकेही याच बैठकीत घासून घ्यायची. तारा पुन्हा चढवल्या तेव्हा बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची तीन मिलिमीटरच्या वर होती ती दोनच्या खाली उतरली, आणि झणझण थांबली.

हे वाचून मिरजेची आठवण होणे स्वाभाविक आहे. हत्यारे परजणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिराकडून तंबोरा घेणारा गायक जवारी काढून घेतल्याशिवाय तो घरी नेत नाही. घोडीचा माथा घासून तारेचा स्पर्श असा साधायचा, की आवाजाला आस येईल. तारांनी घोडीत चरे पाडले की काही काळाने पुन्हा जवारी काढायची. वाद्य एकदा विकत घेतले की पूर्ण झाले, असे आपल्या परंपरेने कधी मानले नाही. कुणी नवा तंबोरा बोलत नाही म्हणून गाणे सोडून दिले, तर आपण त्याला आधी जवारी दाखवून आण म्हणू. गिटारच्या वेळी हे शहाणपण आपल्याला सुचत नाही, कारण ती खोक्यात बंद होऊन मिक्सरसारखी घरात येते आणि आपण तिला तयार माल समजतो. ती तंतुवाद्यच आहे, आणि प्रत्येक तंतुवाद्याला जे लागते ते तिलाही लागते.

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो. चार हजारांच्या जुन्या गिटारवर सहा हजार खर्च केले, तरी विकताना चारच येणार. त्यापेक्षा भर घालून चांगली नवी घ्या. विक्रीपुरते हे खरे आहे. बाजार खुंट्यांजवळचे नाव पाहतो, आतले काम पाहत नाही. पण हा हिशेब दोन गोष्टी विसरतो. राहून गेलेले काम मधल्या किमतीच्या नव्या गिटारमध्येही थोडेफार राहिलेलेच असते, आणि लाकूड ऋतूप्रमाणे हलत असल्याने ते पुन्हा पुन्हा निघते. जो ते शिकला त्याला ते पुढच्या प्रत्येक गिटारवर उपयोगी पडते. दुसरे म्हणजे, हे काम करताना कान तयार होतो. फ्रेटची जागा गणिताने ठरते. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचे, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. फेंडरच्या ६४८ मिलिमीटर लांबीत पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. पण खरी तार जाडीची असते, दाबली की ताणली जाते, म्हणून तारांच्या खालच्या टोकाशी असलेल्या ब्रिजवरचे खोगीर मागेपुढे सरकवून प्रत्येक तारेचा हिशेब जुळवावा लागतो. मोकळ्या तारेचे सप्तक आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर एकमेकांशी ताडून पाहताना, तार दाबल्याने स्वर किती चढतो हे विद्यार्थ्याला पहिल्यांदा ऐकू येते. पुस्तकात वाचून ही समज येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. दुरुस्ती आणि सुधारणा या नावाखाली खरेदीचेच व्यसन लागते. आज पिकअप, उद्या ब्रिज, परवा सोनेरी खुंट्या, आणि वाजवणे राहते बाजूला. हा धोका खरा आहे, आणि तो टाळायचा तर कामाचा क्रम पाळावा लागतो. आधी नेक, फ्रेट, नट. यात पैसा थोडा लागतो, मेहनत जास्त. मग वायरिंग. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते ती बहुधा पॉटमध्ये, म्हणजे बटणाखालच्या बदलत्या रोधात, साठलेल्या धुळीची, आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. आवाज मधेच तुटतो तो ड्राय सोल्डरने. डाग पुन्हा द्यायचा. पॉट बदलायचाच झाला तर एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला २५० किलोओमचा आणि दुहेरी वेटोळ्याच्या हमबकरला ५०० चा, हे लक्षात ठेवले की पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फार हिंडावे लागत नाही. गुणगुण येत असेल तर आधी घराचे अर्थिंग तपासायचे. आपल्या अनेक घरांत तिसरी पिन नावापुरतीच असते, आणि तिथे गुणगुणीपेक्षा झटक्याचा धोका मोठा आहे. मग पिकअपच्या खाचेत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडायची. हे सगळे झाल्यावर काही महिने वाजवायचे. त्यानंतरही पिकअपचा आवाज कमी पडतो असे कानाला पटले, तरच नवे पिकअप घ्यायचे. खर्चाची पाळी शेवटी येते, आणि तोवर आपल्याला नेमके काय हवे हे कळलेले असते.

मोठ्या वादकांची उदाहरणे इथे उलट्या अर्थाने वापरली जातात, म्हणून ती नीट पाहायला हवीत. एडी व्हॅन हेलनने दुय्यम प्रतीची बॉडी आणि सुटी नेक मिळून सुमारे १३० डॉलरमध्ये घेतली, गिब्सनचा जुना पिकअप शिट्टी मारू नये म्हणून मेणात बुडवून तीत बसवला, आणि त्या गिटारवर १९७८ चा पहिला अल्बम वाजवला. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून त्या काळी कुणाला नको असलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टर एकगठ्ठा घेतल्या, मित्रांना काही वाटल्या आणि तिघींचे उत्तम भाग जोडून ‘ब्लॅकी’ केली. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. ब्रायन मेने वडिलांबरोबर १९६३ पासून घरी गिटार घडवली. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आणि स्प्रिंगा मोटारसायकलच्या. या गोष्टींतून ‘स्वस्त गिटारवरही थोर होता येते’ एवढाच बोध काढणे अपुरे आहे. या तिघांना आपल्या आवाजाचे कारण ठाऊक होते. कोणता भाग काढला की काय जाते आणि कोणता घातला की काय येते, हे त्यांनी हाताने शोधले होते. त्यांचा आवाज ओळखू येतो यात या शोधाचा वाटा आहे.

स्वस्त गिटार टाकून देऊ नये याचे आणखी एक कारण आहे, आणि ते संगीताच्या पलीकडचे आहे. राहून गेलेल्या कामाबद्दल बोलताना झालेले काम विसरता कामा नये. दक्षिण कोरियाची कॉर-टेक ही कंपनी अनेक नामांकित ब्रँडसाठी गिटारी करत असे. २००७-०८ मध्ये तिने इंचॉन आणि डेजॉन इथले कारखाने बंद केले, उत्पादन इंडोनेशिया व चीनकडे नेले, आणि कामावरून काढलेल्या कामगारांचे आंदोलन २०१९ मध्ये समझोता होईपर्यंत चालले. स्वस्त वस्तूची किंमत कुणीतरी मोजलेली असते. तिच्यावरही माणसांचे हात फिरले, फक्त त्या हातांना पुरेसा वेळ दिला गेला नाही. लाकडाचेही तेच. जगभरातल्या असंख्य गिटारींच्या फिंगरबोर्डला भारतातले शिसवी लाकूड वापरले जाते. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या या झाडाच्या प्रजातीवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, पण झाड वाढायला लागणारी दशके काही कमी झाली नाहीत. अशा लाकडाची पट्टी एका उथळ नटपायी कपाटावर कायमची पडून राहावी, ही उधळपट्टी आहे.

प्रत्येक जुनी गिटार वाचवावी असे मी म्हणत नाही. नेकला पीळ पडला असेल, म्हणजे दोन टोकांवरून पाहिल्यावर ती वेगवेगळ्या अंगाला कलंडलेली दिसत असेल, तर घेऊ नका. ट्रस रॉड फिरतच नसेल किंवा कितीही फिरवून उपयोग होत नसेल, तर मोहात पडू नका. बॉडी प्लायवुडची असणे हा मात्र दोष मानू नका, स्क्रू घट्ट बसत असले की पुरे. आणि हातात साठ-सत्तरच्या दशकातली जपानी किंवा अमेरिकी गिटार लागली, तर रंग खरवडण्याआधी जाणकाराला दाखवा. मूळ भाग बदललाच तर जुना पिशवीत जपून ठेवा. जीर्णोद्धारात काय करू नये हे कळणे काय करावे याइतकेच मोलाचे आहे.

मला हवा असलेला बदल लहान आहे आणि त्याला नव्या संस्थेची गरज नाही. गिटार शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या दिवशी विद्यार्थ्याची गिटार हातात घ्यावी, नट आणि नेक तपासावी, आणि दोष असेल तर आधी तो काढावा किंवा काढायला शिकवावे. क्लासमध्ये एक टेबल, कानशी, एक मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न असावे. विकणाऱ्या दुकानांनी सेटअप करून दिलेली गिटार हजार रुपये जास्त घेऊन विकावी आणि ते हजार कशाचे हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. आणि पालकांनी, मुलाच्या अंगात संगीत नाही असा निकाल देण्याआधी, साधी पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर तार किती उंच आहे ते मोजावे. अडीच मिलिमीटरच्या वर भरली, तर मुलाची परीक्षा अजून झालेलीच नाही.